जाऊबाईंचे बिल्ले

उभ्या कर्जत-खालापुरात रिकाम्या डब्यावर जीव टाकणारी बाई आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखी दुसरी झाली नाही, आणि एखाद्या बाईचा हेवा करण्यात माझा हात धरणारीही कुणी झाली नसेल. ‘जावा-जावा, उभा दावा’ म्हणतात. आमचा दावा उभा नव्हता. तो बसून, जेवूनखाऊन, एकाच चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजत वर्षानुवर्षं चालला. त्यात दैवानं आणखी गंमत अशी केली, की आम्हा दोघींनाही गावच्या एकाच शाळेत नोकरी दिली. सकाळी शेताच्या बांधावरून आमची वरात निघायची, जाऊबाई पुढे आणि मी मागे. शाळेतही तोच क्रम. त्या पहिलीच्या बाई, मी दुसरीची.

आता दुसरीच्या बाईचं दुखणं काय असतं ते दुसरीच्या बाईलाच ठाऊक. तुम्ही कुणालाही विचारून बघा, पहिलीला कोण बाई होत्या, तर माणूस म्हातारा झालेला असला तरी त्यांच्या साडीचा काठसुद्धा सांगेल. चौथीचे गुरुजी आठवतात, कारण ते मारायचे. दुसरीला कोण होतं विचारलं की माणूस डोकं खाजवतो. मी बे ते तीसचे पाढे पोरांच्या घशाखाली उतरवायची, जोडाक्षरं घोटून घ्यायची, उवा काढायची, आणि नाव कुणाचं निघायचं, तर जाऊबाईंचं. मला आयुष्यात सोनंनाणं नको होतं, बंगला नको होता. मला पहिलीचा वर्ग हवा होता. दर मे महिन्यात मी हेडमास्तरांकडे तोंड वेंगाडायची आणि दर जूनमध्ये ते म्हणायचे, “बाई, पहिली त्यांनाच शोभते. त्यांचे ते बिल्ले आहेत ना.”

ते बिल्ले. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझा जळफळाट तुम्हांला कळायचा नाही. आमच्याकडे पोराला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. घरात मुलगा असला की बाळ्या, मुलगी असली की बारकी, दोन मुलगे असले तर मोठा बाळ्या आणि धाकटा बाळ्या. शाळेत नाव घालायच्या दिवशी बाप पागोळीखाली उभा राहून ‘विष्णू लिवा’ किंवा ‘दत्तात्रेय लिवा’ म्हणायचा आणि शेतावर निघून जायचा. पोराला त्या नावाचा पत्ताच नसायचा. हजेरी घेताना विष्णू, विष्णू म्हणून कंठशोष करा, विष्णू आपला भिंतीवरची पाल बघतोय. जाऊबाई नव्या नव्या नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं ‘बाळ्या’ म्हटलं, तर निम्मा वर्ग उठून उभा राहिला म्हणतात. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातला गोडेतेलाचा डबा रिकामा केला, तेल कशात ओतलं ते विचारू नका, आणि पत्रा कापायला बसल्या.

पुढं त्या डब्यांचं त्यांना वेडच लागलं. आमच्या गावातली पाच-सहा माणसं माथेरानला हॉटेलांत कामाला होती. ती घरी उतरताना बायकापोरांना काही आणोत न आणोत, जाऊबाईंना रिकामे डबे आणायचीच. आणले नाहीत तर जाऊबाई त्यांच्या ओटीवर जाऊन बसायच्या. लग्नाच्या पंगतीला गेल्या तरी त्यांचं लक्ष ताटावर नसायचं, आचाऱ्याच्या डब्यावर असायचं. आणलेल्या पत्र्याचे त्या तळहातापेक्षा लहान चौकोन कापायच्या, पोरांना लागू नये म्हणून त्यांच्या कडा मुडपायच्या आणि पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठोकायच्या. त्याच वरवंट्यानं मग मी चटणी वाटायची. बिल्ल्याच्या एका अंगाला फळ्याचा काळा रंग फासायचा, म्हणजे त्यावर खडूनं पोराचं नाव लिहिता येई आणि पुसताही येई. दुसऱ्या अंगाला चित्र. कारण ज्याला अक्षर येत नाही त्याला आपला बिल्ला ओळखायचा तर चित्रच हवं. थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, रसायनीच्या एका कारखान्यात पिंपांवर रंग मारायचं काम करीत. तिथला डब्याच्या बुडाशी उरलेला रंग ते घरी आणत. रंग तीनच, पिवळा, लाल आणि हिरवा. त्यामुळे आमच्या गावचा कावळा हिरवा होता आणि खेकडा पिवळाधमक.

राहता राहिली बिल्ला गळ्यात अडकवायची दोरी. ती मात्र माझ्या परकरांतून यायची. जून लागला की माझ्या परकराच्या नाड्या नाहीशा व्हायला लागत. वाळत घातलेला परकर काढून आणावा तर तो नुसता घेर. एकदा पाहुण्यांसमोर चहा घेऊन जाताना माझ्यावर काय प्रसंग ओढवला ते मी सांगणार नाही. मी जाब विचारला, तर जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, “धाकटे, तुला काथ्या चालंल. पोरांच्या मानेला काथ्या टोचतो.” आणि स्वतःच्या परकराच्या नाड्या का घेतल्या नाहीत म्हणाल, तर त्यांच्या परकराला आधीपासूनच काथ्या होता. अशा बाईशी भांडायचं तरी कसं.

बिल्ले वाटायचा दिवस म्हणजे मोठा सोहळा. जाऊबाई एकेका पोराला समोर उभं करायच्या, वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि निकाल द्यायच्या, “तू भोपळा.” “तू कंदील.” “तू गं, तू सुगरण.” या निकालावर अपील नव्हतं. एकदा एका बाईच्या पोराला वांगं मिळालं आणि पाटलांच्या नातवाला मोर. ती बाई पदर खोचून शाळेत आली. “माझ्याच पोराला वांगा का? आमी गरीब म्हनून?” जाऊबाईंनी तिला बसवली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “वांगा भाजीत पडतं, घर जेवतं. मोर कशात पडतो ते सांग, लगेच बदलून देते.” बाईनं बराच विचार केला आणि वांगं घेऊन हसत घरी गेली. आणि एक नियम होता. ज्या दिवशी पोरगं बिल्ल्यावर स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहील, त्या दिवशी त्यानंच ते ओल्या फडक्यानं पुसायचं आणि बिल्ला पिशवीत परत टाकायचा. पुढच्या जूनला तोच बिल्ला दुसऱ्या पोराच्या गळ्यात. दिवाळीपर्यंत हुशार पोरांचे गळे मोकळे होत, आणि अशी पोरं सगळ्या गावातून छाती काढून फिरत. एवढा खटाटोप, पण खर्च म्हणाल तर खडूचा. तो सरकारचा आणि नाड्या माझ्या.

नाव पुसलं जाई, पण चित्र काही पोरांच्या अंगावरून जात नसे. ती माझ्या दुसरीच्या वर्गात येत ती खेकडा, कोंबडा, कंदील होऊनच. जाऊबाईंच्या हातून उष्टं झाल्याशिवाय एक पोर माझ्याकडे आलं नाही. एके वर्षी तपासणीला साहेब आले आणि नेमके माझ्याच वर्गात शिरले. पहिल्या बाकड्यावरच्या पोराला त्यांनी विचारलं, “बाळ, तू कोण?” पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, “मी कोंबडा.” साहेबांनी चष्मा काढला. शेजारच्याला विचारलं. “मी छत्री.” मी नुसती “ना... नाव...” करत राहिले. हेडमास्तर धावत जाऊन जाऊबाईंना घेऊन आले. त्यांनी दारातूनच सांगितलं, “सायेब, तुमी कोन म्हनून इचारलंत, म्हनून त्यांनी कोन ते सांगितलं. आता नाव इचारा.” साहेबांनी नाव विचारलं, तर पोरांनी बापासकट, आज्यासकट नावं सांगितली आणि मागितली नसताना फळ्यावर लिहूनही दाखवली. साहेब खूश. बिल्ल्यांची पिशवी मागवून घेतली, एकेक बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि जाऊबाईंच्या नावानं हा एवढा शेरा लिहून गेले. बोबडी वळली माझी आणि शेरा मिळाला त्यांना. त्या रात्री मी पोट दुखतं म्हणून जेवले नाही. जाऊबाईंनी ओवा आणून दिला.

आणि मग एका मे महिन्यात देवानं माझं ऐकलं. माळ्यावरचा एक डबा काढताना जाऊबाई शिडीवरून पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. कर्जतला नेऊन प्लॅस्टर घातलं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, पण त्या दिवशी मी गव्हाचा शिरा केला हेही खरं. पडलेल्या माणसाला ताकद यावी म्हणून केला, असं मी सगळ्यांना सांगितलं. जूनमध्ये हेडमास्तरांनी पहिली माझ्या स्वाधीन केली आणि दुसरी स्वतःकडे घेतली. मी ठरवलं होतं, पत्र्याबित्र्याला हात लावायचा नाही. मी माहेरची कर्जतच्या बाजारपेठेतली, मला काय कमी आहे. बाजारातून जाड पुठ्ठा आणला, रंगीत रिबिनी आणल्या, पिना आणल्या. माझं अक्षर मुळात मोत्यासारखं, त्यात दौतीतली निळी शाई. पहिल्या दिवशी वर्ग असा दिसत होता की जाऊबाईंनी बघायलाच हवा होता, असं मला सारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरं भिजत आली आणि शाई सगळ्यांच्या सदऱ्यांवर उतरली. तेही चाललं असतं. पण पोरांना अक्षर येत नव्हतं, त्यांना दिसत होत्या त्या रिबिनी. वाळत घातलेल्या पुठ्ठ्यांतून ज्याला लाल आवडली त्यानं लाल घेतली, ज्याला पिवळी आवडली त्यानं पिवळी. मला काय माहीत? मी आपली पुठ्ठ्यावर विष्णू वाचते आणि त्या पोराला विष्णू म्हणून हाक मारते. तेही ओ देतं, कारण त्याला कुठं ठाऊक होतं की तो दत्तात्रेय आहे. चार दिवसांनी दत्तात्रेयाची आजी त्याला न्यायला आली आणि पोरगं तिला म्हणालं, “आज्ये, मी इष्णू हाय.” म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं नातवंड कुणाला तरी देऊन टाकलंय.

घरी जाऊबाई पाय चौरंगावर ठेवून बसलेल्या. “कशी चाललीय पहिली?”

“छान चाललीय.”

“पुठ्ठे सुरेख हायत म्हनं.”

“हो, आहेत.”

मी भाकऱ्या थापायला उठले. त्यांच्याकडे बिल्ले मागणं माझ्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घ्यायला गेले, तर खुंटीवर छत्रीच्या जागी बिल्ल्यांची पिशवी टांगलेली. प्रत्येक बिल्ल्याला नवी नाडी. मी मागच्या दारी जाऊन पाहिलं, माझे तिन्ही परकर दोरीवर नुसते फडफडत होते. प्लॅस्टर घातलेल्या पायानं ही बाई त्या दोरीपर्यंत पोचली कशी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी बिल्ले वाटले. त्यांच्यासारखंच एकेकाला समोर उभं करून वाटले, दुसरं काय करणार. खरा विष्णू भिंतीला चिकटून आडवा आडवा चालत पुढं आला. माझ्याकडे पाठ करायची नाही आणि तोंडही दाखवायचं नाही अशी त्याची चाल. मी म्हटलं, “तू खेकडा.” त्यानं मान वर केली. तो पिवळा खेकडा त्यानं हातात धरला तो सुटी होईपर्यंत सोडला नाही. सगळ्या वर्गात त्यालाच अक्षर उशिरा लागलं. दिवाळी होऊन गेली, सगळ्यांचे गळे मोकळे झाले, तरी विष्णू आपला खेकडा घालून येई. ‘ष्ण’पाशी त्याचं घोडं अडायचं. मी त्याचा हात धरून रोज धुळीत तो काढून घ्यायची. एक दिवस दुपारच्या सुटीनंतर त्यानं माझ्याजवळ येऊन बिल्ला पुढं केला. नाव लिहिलेलं होतं, वेलांटी-उकारासकट. मग त्यानं फडकं भिजवलं, नाव पुसलं, बिल्ला पिशवीत टाकला आणि पहिल्यांदाच सरळ चालत जागेवर जाऊन बसला. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आपल्या हातून एका जिवाला त्याचं नाव मिळालं, एवढंच वाटत होतं.

त्याच सुमाराला जाऊबाई काठी टेकत कामावर हजर झाल्या. हेडमास्तर लगेच म्हणाले, “या, तुमची पहिली तुम्ही घ्या.” जाऊबाई म्हणाल्या, “ह्या पायानं बारक्यांच्या मागं धावणं व्हायचं नाय, सर. मला दुसरीच द्या.” मला हायसं वाटलं. पण त्याच संध्याकाळी आमच्या खळ्यावरच्या भातात कुणाची तरी म्हैस शिरली आणि जाऊबाई काठी भिरकावून तिच्यामागं अशा धावल्या की म्हैस ओढ्यापलीकडे गेली. मी ओटीवरून सगळं पाहत होते. माझा संताप झाला. म्हणजे पाय बरा होता. म्हणजे मला वर्ग मिळाला नव्हता, दिला होता. मी त्या रात्री भाकऱ्या थापताना भांडी आपटली. भाऊजींनी विचारलं काय झालं, तर जाऊबाई म्हणाल्या, “काय नाय, तिला पहिलीचा तरास होतोय.” पुढच्या जूनला त्यांनी पाय बरा झाल्याचं जाहीर केलं, पहिली परत घेतली आणि मी माझी पोरं घेऊन दुसरीत गेले. एका वर्षापुरती मी पहिलीची बाई झाले होते. ते वर्ष मी मनात जपून ठेवलं.

आम्ही दोघी निवृत्त झालो त्यानंतरची गोष्ट. कर्जतच्या बाजारातून भाजी घेऊन दोघी एस. टी.ची वाट बघत उभ्या होतो, तर एक टेंपो येऊन थांबला. आतून एक धिप्पाड माणूस उतरला आणि थेट जाऊबाईंच्या पाया पडला. “बाई, वळखलंत का? मी खेकडा. इष्णू. हा टेंपो माझा हाय.” टेंपोच्या पुढच्या काचेवर, देवाच्या नावाखाली, पिवळा खेकडा काढलेला होता. तो म्हणाला, “तुमी माझ्या पहिलीच्या बाई. तुमी बिल्ला घातलात, म्हनून शिकलो.” माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती मी घट्ट धरली. पहिलीला मी, दुसरीला मी, दोन वर्षं त्याचं नाक मी पुसलं, तो ‘ष्ण’ मी गिरवून घेतला, आणि आता पाया पडायला हिच्या. माझं ते एक वर्षसुद्धा या बाईच्या पत्र्यानं खाल्लं. माझ्याकडे बघून तो नम्रपणे म्हणाला, “ह्या कोन? तुमच्या जाऊबाई का?”

जाऊबाईंनी तिथल्या तिथं त्याचा कान धरला. आयुष्यात स्वतःची स्तुती त्यांनी कधी मधेच तोडली नव्हती. “मी नाय रं. मी त्या साली पाय मोडून घरात पडली होती. तुझ्या पहिलीच्या बाई ह्या.”

“नाय बाई, मला आठवतं ना. बिल्ला तुमीच...”

“तुला काय आठवतं? तुला ह्यांनी उभं केलं, बघितलं नि खेकडा दिला. मी असती, तर तुला बेडूक दिला असता. मग काढला असतास टेंपोवर बेडूक?”

त्यानं टेंपोवरच्या खेकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचं बोट आपोआप तळहातावर काहीतरी गिरवायला लागलं. मग म्हणाला, “धुळीत. माझा हात धरून धुळीत लिवायचात ती तुमी?” मी मान हलवली. तो माझ्या पायांवर वाकला तेव्हा माझ्या पिशवीतली वांगी त्याच्या पाठीवर सांडली आणि ती गोळा करण्यात पुढची पंचाईत टळली.

त्यानं आम्हांला टेंपोतून घरापर्यंत सोडलं. गाव जवळ आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “बेडूक नसता शोभला त्याला, धाकटे. खेकडा बरोबर दिलास तू.” एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एवढंच कौतुक. मला वाटलं, आपण आता हिच्यावर जळणं सोडून द्यावं. पण घरी पोचल्यावर बघते तर माझ्या निळ्या परकराची नाडी गायब. शाळा सुटून किती दिवस झाले होते, तरी शेजारच्या बालवाडीला बिल्ले करून देणं त्यांचं चालूच होतं. मी तोंड सोडलं ते सोडलंच.

जाऊबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. बिल्ल्यांची पिशवी माझ्याकडे आहे, बालवाडीच्या ताई जूनमध्ये येऊन घेऊन जातात आणि परत आणून देतात. गावातली मोठी मोठी माणसं वाटेत भेटली की अजून सांगतात, बाई, मी कंदील, मी वांगं. त्यातली बहुतेक जाऊबाईंची, आणि ती त्यांची आठवण काढत माझ्यासमोर उभी राहतात. मलाही राग येत नाही, येऊन करायचं काय, भांडायला घरात कुणी नाही. परवा धुणं काढायला मागच्या दारी गेले. तिन्ही परकर वाळले होते आणि तिन्हींच्याही नाड्या जागच्या जागी होत्या.